मेकअपचा आरसा घेताना नक्की काय बघायचं?

झुलती_फांदी
मंडळी, साधा आरसा घ्यायला निघाले आणि डोकं गरगरायला लागलं. गोल, चौकोनी, तीन पानांचा, पाच पट, दहा पट, तीन रंगांच्या दिव्यांचा, वाफ न धरणारा... आरसा घेतेय की यंत्रसामग्री, कळेना.

माझी गरज सांगते. रोजचा हलका मेकअप, आयलायनर, भुवया. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस साडेचार, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) नाही. लेन्स सोसत नाहीत. चष्मा काढला की आरशात नुसता धूसर गोळा दिसतो, आणि चष्मा घालून लायनर लावायचं तर ते काचेवरच ओढावं लागेल. नवऱ्यालाही दाढीसाठी हाच आरसा हवाय, त्याला नुकतीच चाळिशी लागलीय. खोलीत दिवा एकच, तोही छताला, बसल्यावर बरोबर डोक्यामागे येतो.

दिव्याचा आरसा घ्यावा की साधा घेऊन दिवे वेगळे लावावेत? किती पट मोठं दिसणारा घ्यावा? आणि एकच आरसा दोघांना चालेल का?

उचापती_नं_१
एकच आरसा दोघांना? संसार मोडायचे इतरही सोपे मार्ग आहेत. (हलके घ्या.)

पाचवा_कप्पा
वाचते आहे. मलाही घ्यायचाय. माझ्या मते दहा पटवालाच घ्या, एकदा सवय लागली की साध्या आरशात काही केल्यासारखंच वाटत नाही.

रंगपेटी
मेकअप हा माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आरशाआधी उजेडाचं बघा. आरसा बिचारा समोर येईल ते दाखवतो. तुमचा छताचा दिवा डोक्यामागे आहे, म्हणजे चेहरा स्वतःच्याच सावलीत. आरसा कितीही भारी आणला तरी डोळ्यांखाली काळं, नाकाखाली काळं, हनुवटीखाली काळं. मग माणूस नसलेल्या काळ्या वर्तुळांवर कन्सीलर थापत बसतो. उजेड चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या पातळीवर आणि समोरून थोडा तिरका यायला हवा. आरशाच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन उभे दिवे, दुधी आवरणाचे, हे सगळ्यात चांगलं. फक्त वरच्या कडेला पट्टी असलेले आरसे मला आवडत नाहीत, त्यात छताच्या दिव्याचाच दोष येतो, थोडा कमी इतकंच.

दुसरं, दिव्याचा रंग. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. ४००० ते ५००० केल्विन रोजच्या कामाला उत्तम. २७०० चा पिवळा दिवा सगळ्यांनाच गोड दाखवतो, पण त्यात गालावरची लाली कमी वाटते आणि हात सुटतो. दिवसाउजेडी बाहेर पडल्यावर लोक विचारतात, ऊन लागलं का. तीन रंगांचं बटण असेल तर मधल्या रंगावर मेकअप करा आणि पिवळा फक्त संध्याकाळी बाहेर कसं दिसेल ते बघायला वापरा.

तिसरी गोष्ट खोक्यावर बहुधा बारीक अक्षरात असते: सीआरआय. दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा हा आकडा, १०० पैकी. ९० च्या वर हवा. तो कुठेच लिहिलेला नसेल तर बहुतेक लिहिण्यासारखा नाही असं समजायचं.

नाभीय_अंतर
रंगपेटी यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, एक पुरवणी जोडतो. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंग त्यात धरतच नाहीत, त्याला वेगळा आर-९ नावाचा आकडा असतो. त्वचेत, ओठांत, लालीत लालच महत्त्वाचा. त्यामुळे सरासरी बरी आणि आर-९ पडेल अशा दिव्यात चेहरा आजारी दिसतो. आर-९ छापलेला सापडला तर तो नक्की बघा.

आता 'किती पट' याबद्दल. झुलती_फांदी, तुमच्या बाबतीत याचं उत्तर उलटं आहे, म्हणून नीट वाचा.

सपाट आरशात प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते. चेहरा आरशापासून २० सेंमी असेल तर डोळ्याला ४० सेंमी लांबचं बघावं लागतं. मायनस साडेचार नंबराला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसण्याची हद्द साधारण २२ सेंमी (१०० भागिले ४.५). म्हणजे सपाट आरसा चेहऱ्यापासून ११ सेंमीच्या आत आणला की तुम्हाला चष्मा न लावता लख्ख दिसेल.

मोठं दाखवणारा आरसा अंतर्वक्र असतो. तो प्रतिमा मोठी करतो, पण ती मागेही ढकलतो. समजा त्याचं नाभीय अंतर (आरशावर पडलेलं ऊन जिथे एका ठिपक्यात गोळा होतं तिथवरचं अंतर) ४० सेंमी आहे आणि चेहरा २० सेंमीवर. प्रतिमा दुप्पट झाली, पण ती आरशामागे ४० सेंमीवर गेली, डोळ्यापासून एकूण ६० सेंमी. तुमची हद्द २२! दहा पट घेतलात तर दहा पट मोठा धूसर गोळा दिसेल.

तुमच्या यजमानांचं बरोबर उलट आहे. चाळिशीत जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं. त्यांना ६० सेंमीवर गेलेली प्रतिमा वरदान आहे.

उचापती_नं_१
म्हणजे मी पहिल्या प्रतिसादात जे म्हटलं ते भौतिकशास्त्राने सिद्ध झालं. सत्कार कधी?

झुलती_फांदी
नाभीय_अंतर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मैत्रिणीच्या मोठ्या करणाऱ्या आरशात मला काहीच दिसत नाही तेव्हा ती म्हणते तुझा नंबर वाढला असणार. आत्ताच हातातला छोटा आरसा नाकापाशी धरून बघितला, पापण्यांचे केस न् केस दिसताहेत. पण एका हातात आरसा, दुसऱ्या हातात ब्रश, आणि पापणी ताणायला तिसरा हात कुठून आणू?

काचेपलीकडे
तिसऱ्या हाताचं नाव भिंतीवरचा घडीचा दांडा. हॉटेलांच्या न्हाणीघरात असतो तसा, कात्रीसारखा उघडमीट होणारा. आरसा ओढून चेहऱ्याशी आणता येतो. दांड्याचाच आरसा घ्या, फक्त तो एका बाजूने सपाट आहे ना ते बघा.

काचेच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून काचेबद्दलही लिहितो. मोठा भिंतीचा आरसा घेणार असाल तर ४ किंवा ५ मिमी जाडीची काच घ्या. पातळ काच मोठ्या मापात वाकते, चेहरा लांबोडका किंवा चपटा दिसतो. दुकानात तपासायची पद्धत अशी: आरशात दाराची चौकट किंवा खांबाची सरळ कड दिसेल असे उभे राहा आणि डोकं हळूहळू डावीउजवीकडे हलवा. कड लाटेसारखी हलली तर तो आरसा घेऊ नका. मग एक पांढराशुभ्र कागद आरशासमोर धरा. प्रतिबिंबातला कागद हिरवट वाटला तर काचेत लोह जास्त आहे. दाढीला चालेल, फाउंडेशनची छटा जुळवायला नाही. कमी लोहाची काच मिळते, तिची कड बघितली की कळतं, गर्द हिरवी नसते.

आणि पुसताना फवारा आरशावर नको, फडक्यावर मारा. द्रव ओघळून खालच्या कडेला साचतो, मागच्या थरात शिरतो आणि पारा उडायला लागतो. अमोनियाचं द्रावण तर नकोच.

निवांत_आजी
काचेपलीकडे, आमच्या जुन्या कपाटाच्या आरशाचा पारा कडेने उडालाय. नातवंडं तिथेच खेळतात. पारा विषारी असतो ना? काढून टाकू का?

काचेपलीकडे
आजी, हल्लीच्या आरशामागे पारा नसतो, चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि त्यावर रंग असतो. काचेवर चांदी चढवायची रासायनिक रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये काढली. त्याआधी, आणि त्यानंतरही काही दशकं, कथील आणि पारा वापरत, ते करणारे कारागीर पाऱ्याच्या वाफेने आजारी पडत. तुमचं कपाट कितीही जुनं म्हटलं तरी तितकं नसावं. मुलांना फुटक्या कडेचा धोका जास्त, ती कड लाकडी पट्टीने झाका.

खरखरीत_गाल
दाढीवाल्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी. रंगपेटी यांच्याशी आदरपूर्वक असहमत. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड म्हणजे गाल सपाट दिसतो आणि राहिलेले खुंट दिसतच नाहीत. घरून गुळगुळीत निघायचं आणि बाहेर उन्हात जबड्याखाली एक हिरवट पट्टा उगवलेला. दाढीला उजेड एका बाजूने, घासून जाणारा हवा. खुंटांच्या सावल्या पडल्या की वस्तरा कुठे चुकला ते लगेच कळतं. मी तर शेवटचा हात फिरवताना एक दिवा बंदच करतो.

बाकी न्हाणीघरात आरसा असेल तर वाफेचं बघा. आरशामागे गरम होणारी चकती असलेले मिळतात. ती नसली तर फेसाचा पातळ थर आरशावर चोळून कोरड्या फडक्याने पुसायचा, पाण्याचे थेंब न होता सपाट पापुद्रा होतो आणि दिसत राहतं. दिव्याचा आरसा न्हाणीघरात लावणार असाल तर त्यावर आयपी४४ किंवा वरचा आकडा हवाच, म्हणजे शिंतोडे सोसतो. बॅटरीचे टेबलावरचे आरसे तिथे नेऊ नयेत.

रंगपेटी
खरखरीत_गाल, असहमत कुठे आहात? फाउंडेशन नीट मिसळलं का ते बघायला मीही एक बाजू बंद करते. जबड्याच्या कडेची रेघ तेव्हाच दिसते. लावताना सारखा उजेड, तपासताना तिरका. म्हणून तर म्हणते दिवे दोन, आणि दोघांची बटणं वेगळी. आरशाभोवतीच्या गोल पट्टीत ही सोय नाही.

गोल पट्टीचा आणखी एक त्रास, चष्मा घालणाऱ्यांना काचांवर दोन पांढरी कडी दिसतात आणि त्यांच्यामागे डोळा हरवतो. आयब्रो पेन्सिल चष्म्यासकट वापरणाऱ्यांनी आधी समोर बसून बघावं.

पाचवा_कप्पा
माझ्या दहा पटवाल्याची बाजू कुणीच घेत नाही. माझा नंबर प्लस आहे, मला त्यात छान दिसतं.

सावलीखाली
दिसतं हो छान, तोच तर घोळ आहे. मी दहा पटवाला वापरायचे. एका डोळ्याची भुवई पूर्ण मावायची नाही त्यात. भुवई कोरायची तर दुसरी कशी आहे ते एकाच वेळी दिसायला हवं, नाहीतर एक जाड, एक बारीक. शिवाय डोकं जरा मागे गेलं की सगळं विरघळतं, पुढे आलं की लहान होतं.

आणि त्यात दिसतात ती छिद्रं. नाकावरची. एवढ्या जवळून माझ्याकडे कुणी बघत नाही, माझं माणूससुद्धा नाही. तरी मी रोज टोकरत बसायचे आणि मग लाल झालेलं लपवायला मेकअप. आता माझ्याकडे तीन पटवाला आहे आणि दहा पटवाला खणात, काटा काढायला.

पाचवा_कप्पा
सावलीखाली, हे टोकरणं जरा जास्तच ओळखीचं वाटलं. :(

नाभीय_अंतर
सावलीखाली यांना जे दिसलं त्याचं गणित: किती पट हा आकडा आरशाचा कायमचा गुण नाही, तो अंतरावर ठरतो. वरचाच ४० सेंमीचा आरसा २० सेंमीवरून दुप्पट, ३० वरून चौपट, ३६ वरून दहा पट. ४० पासून पुढे नुसता गढूळ आणि ८० च्या पलीकडे तुम्ही उलटे. खोक्यावर 'दहा पट' छापलेलं असतं ते कुठल्या अंतराला, हे बहुधा लिहीत नाहीत, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. आपण रोज ज्या अंतरावर बसणार तिथून बघून घ्या. एवढं करायचं नसेल तर चाळिशीवाल्यांना तीन ते पाच पट पुरतं.

उचापती_नं_१
८० च्या पलीकडे तुम्ही उलटे, हे वाक्य फ्रेम करून ठेवतो.

दूरची_वाट
खिडकीजवळ अंतर्वक्र आरसा ठेवणाऱ्यांनो, जपा. आमचा टेबलावरचा आरसा दोन बाजूंचा, मधल्या खिळ्यावर उलटणारा. खिडकीकडे तोंड करून बसायचं, आरसा मध्ये, म्हणजे चेहऱ्यावर झकास उजेड. पण आपण सपाट बाजू वापरतो तेव्हा पाठची मोठं करणारी बाजू थेट खिडकीकडे असते. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं आणि खिडकीच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलच्या टोकाएवढा काळा ठिपका उमटला. पुढच्या वेळी तो ठिपका रेघ झाला होता, सूर्य सरकेल तसा आडवा सरकत गेलेला. वास आला म्हणून लक्ष गेलं. पडदा मध्ये असता तर काय झालं असतं कोण जाणे. आता काम झालं की त्यावर कापडी पिशवी.

निवांत_आजी
बाई गं! ही गोष्ट खोक्यावर का लिहीत नाहीत?

दूरची_वाट
लिहितात आजी, इशाऱ्यांच्या कागदावर. तो कागद आपण खोक्यातच ठेवतो.

काजळरेघ
जाता जाता, आरशात मी बरी दिसते आणि फोटोत वाकडी, हे माझंच होतं का? असे आरसे मिळतात म्हणे ज्यात आपण लोकांना दिसतो तसे दिसतो. तो घ्यावा का मेकअपला?

नाभीय_अंतर
सगळ्यांचंच होतं. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी बायकांना त्यांचाच फोटो सरळ आणि आरशासारखा उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला. स्वतःला आरशातला जास्त आवडला, मित्रमैत्रिणींना सरळ. जे रोज बघतो ते आवडतं.

तसा आरसा घरी करता येतो. दोन सपाट आरसे बरोबर काटकोनात कडेला कड लावून उभे करा आणि जोडाकडे बघा. पण मेकअप त्यात करू नका, हात डावीकडे न्यायचा म्हटलं की उजवीकडे जातो. झाल्यावर दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघायला मात्र चांगला.

काजळरेघ
तीन पानांच्या आरशाची दोन पानं काटकोनात लावून केलं. भांग दुसऱ्या बाजूला! ही बाई कोण?

पाचवा_कप्पा
हसून हसून पुरेवाट. मी पण करून आले. माझी एक भुवई खरंच वर आहे.

विजेचा_खांब
धाग्यावर दिव्यांची एक बाजू राहिली. आरशात बसवलेल्या एलईडी बहुतेक वेळा बदलता येत नाहीत. पट्टी गेली की आरसा गेला. खोक्यावर ५०,००० तास लिहितात, पण ते एलईडीचे. आतला छोटा वीजपुरवठा आणि स्पर्शाचं बटण त्याआधी दगा देतात. म्हणून मीही साधा आरसा आणि वेगळे दिवे याच मताचा. दिव्याचाच घ्यायचा असेल तर दोन गोष्टी बघा. एक, चार्जिंगला टाइप-सी की जुनी पिन. दोन, उजेड मंद करून फोनचा कॅमेरा त्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा भराभर उघडझाप करतोय. काहींना त्याने डोकं दुखतं.

सावलीखाली
तिसरी मी सांगते: मान. टेबलावरच्या आरशांचा बिजागर ढिला होतो आणि आरसा शेवग्याच्या शेंगेसारखा लोंबायला लागतो. दुकानात आरसा खाली झुकवून सोडा आणि टेबलाला हलका धक्का द्या. तिथेच राहिला तर घ्या. बूडही हातात घेऊन बघा, वजनदार हवं.

चष्म्याची_दांडी
आणखी एक पर्याय: मेकअपचा चष्मा. दोन्ही भिंगं वेगवेगळी खाली पडतात, एका डोळ्यावर भिंग ठेवून बघायचं आणि दुसऱ्याला लायनर लावायचं. माझ्या आईला (प्लस अडीच) याने फार सुख झालं. मायनसमध्ये चष्मेवाल्याकडून नंबरचा करून घेता येईल का विचारा.

झुलती_फांदी
सगळ्यांचे आभार, सगळं वहीत उतरवून घेतलं. ठरलं ते असं: भिंतीवर घडीचा दांडा, त्यावर २० सेंमी व्यासाचा आरसा, एका बाजूने सपाट माझ्यासाठी आणि दुसऱ्या बाजूने तीन पट ह्यांच्यासाठी. म्हणजे एकच आरसा दोघांना झाला, उचापतीसाहेब! दोन उभे दिवे, वेगळ्या बटणांचे, ४००० केल्विन. खिडकी समोरच्या भिंतीला नाही, त्यामुळे ठिपक्यांची भीती नाही, तरी ऊन कुठवर येतं ते आधी बघेन.

दोन शंका. दांडा किती उंचीवर ठोकायचा? आणि तो इतका पुढे ओढला की खाली झुकतो का?

उचापती_नं_१
आरसा एक झाला. वेळ एकच आहे ना दोघांची, सकाळची?

झुलती_फांदी
...त्यावर वेगळा धागा काढते.

काचेपलीकडे
उंची: ज्या खुर्चीवर बसणार तिच्यावर बसा, सरळ समोर बघा, डोळ्यांसमोर भिंतीवर खूण करा. आरशाचा मध्य तिथे. यजमान उभ्याने दाढी करणार असतील तर मात्र अडचण आहे, दांडा वरखाली सरकणारा शोधा किंवा त्यांना खुर्ची द्या.

झुकणं: पूर्ण ताणलेला दांडा थोडा झुकतोच. भिंतीला धरणारी पट्टी लांब आणि चार स्क्रूंची घ्या, दोन स्क्रूंची नको. भिंत पोकळ असेल तर पोकळ भिंतीचे वेगळे बोल्ट मिळतात ते वापरा, नुसत्या प्लगवर भरवसा नको. आणि ठोकण्याआधी दांडा हाताने भिंतीशी धरून कुणालातरी आरसा ओढायला सांगा, कपाटाचं दार आडवं येतं का ते तेव्हाच कळतं.

खरखरीत_गाल
यजमानांना खुर्ची द्या. बसून दाढी करण्यात जे सुख आहे ते उभ्याने नाही.